बिनकागदाची

कागद नसलेली वस्तू मी आयुष्यात एकदाच विकत घेतली, आणि ती वस्तू म्हणजे स्कूटर होती. हे लिहितानाही माझा हात जरा कचरतो, कारण माझी सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या दावे विभागात गेली. लोक यायचे, आपलं काय जळलं, काय बुडालं, काय चोरीला गेलं ते सांगायचे, मध्येच डोळे पुसायचे. मी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचो आणि मग विचारायचो, "कागद आणलेत का?" ऑफिसात माझं नावच 'कागदसाहेब' पडलं होतं. निवृत्त झालो त्या दिवशी भाषणात आमचे वरिष्ठ म्हणाले, "यांच्या टेबलावरून पुराव्याशिवाय माशीसुद्धा उडाली नाही." ते कौतुक होतं असं मी अजून धरून चाललो आहे.

तर असा माणूस बिनकागदाच्या स्कूटरच्या नादी का लागला, हे सांगायला हवं. त्याचं कारण आमची ही. ही लेकीकडे गेली होती, आणि लेक राहते विमानाने जावं लागतं इतक्या लांब. गेली ती लेकीच्या बाळंतपणासाठी. मग नातीला दात यायला लागले म्हणून राहिली. दात आल्यावर नात चावायला लागली, त्यासाठी राहिली. मग लेकीची रजा संपली. परतीचं तिकीट एकदा पुढे गेलं, मग आणखी एकदा गेलं, आणि दोन्ही वेळा मी फोनवर "बरं" म्हणालो. रोज संध्याकाळी, म्हणजे त्यांच्याकडे सकाळ असताना, तिचा फोन यायचा. "तिकडे कसं चाललंय?" ती विचारायची. "सगळं ठीक आहे," मी सांगायचो. माझ्या नोकरीत मी इतकी धडधडीत खोटी नोंद कुणाची खपवून घेतली नसती.

खरं म्हणजे काहीच ठीक नव्हतं. मी ज्या खोलीतून बाहेर पडेन त्या खोलीतला दिवा ती मागोमाग येऊन मालवायची, आणि त्याबद्दल बोलायचीही. ते बोलणं मला तेव्हा कटकट वाटायचं. आता मी एकेका खोलीतून बाहेर पडायचो आणि मागे वळून बघायचो तर घरभर दिवे लागलेले असायचे, आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. मला तिची फार आठवण यायची. पण आठवण येते हे फोनवर कसं म्हणतात ते मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी ते आपोआप समजून घ्यायचं असे.

अशात एका संध्याकाळी, नातीला भरवता भरवता, ती सहज म्हणाली, "अहो, ती स्कूटर विकून टाका आता. उगीच जागा अडवून बसलीय. कोण बसणार आहे तिच्यावर?"

ती सहज म्हणाली, पण मला ते सहज घेता आलं नाही. पार्किंगमध्ये बंद पडलेल्या आमच्या त्या जुन्या स्कूटरवर आजवर मी सोडून फक्त तीच बसली होती. लेकीला तर तिचा धूर सोसायचा नाही. स्कूटरचे इंडिकेटर घेतल्यापासून कधी लागले नाहीत, त्यामुळे उजवीकडे वळायचं तर मी हात करायचो आणि डावीकडे वळायचं तर मागून ती करायची. ते तिचं खातं होतं. मी चुकून डावा हात बाहेर काढला तर ती तो आत ढकलायची. आणि आता तीच विचारत होती की कोण बसणार. याचा अर्थ ती आता परत येत नाही असाच मी लावला. दावे विभागात इतकी वर्षं काढली की साध्या वाक्यातूनही वाईट अर्थ काढायची सवय जडते.

त्या रात्री जेवताना मी ठरवलं की स्कूटर चालती करायची. ती चालू झाली की बायकोला सांगायचं, गाडी तयार आहे, विमानतळावर घ्यायला येतो. मग ती येईल. यात तर्क कुठे आहे असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, पण मनाशी माझा हिशेब अगदी चोख होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावलं. या मेकॅनिकचा एक स्वभाव आहे. त्याला कुठलंही काम सांगा, तो आधी "होऊन जाईल" म्हणतो आणि मग काम काय आहे ते विचारतो. त्याने किक मारून पाहिली. किक खाली गेली ती वर आलीच नाही. त्याने कान लावून इंजिन ऐकलं, बोट घालून कार्ब्युरेटर पाहिला, आणि ते बोट माझ्या टॉवेलला पुसलं.

"होऊन जाईल," तो म्हणाला. "पण पार्ट मिळायचे नाहीत. कंपनीच बंद पडली ना. तुम्ही असं करा काका, अशीच एक दुसरी घ्या. भंगारात मिळेल. तिचे पार्ट काढू, हिला लावू, उरलेलं देऊन टाकू."

बिल्डिंगमध्ये मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. पण तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही सल्लागार म्हणतो, कारण ते सल्ला विचारला जायची वाट बघत नाहीत. त्यांनी स्वतः कधी सायकलही घेतलेली नाही. तरी कुठली गाडी घ्यावी, कुठली घेऊ नये आणि घेतलेली कशी विकावी यावर ते तासभर बोलू शकतात. मेकॅनिक आलेला त्यांनी गॅलरीतून पाहिला होता, आणि त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"मग, ठरलं का?" ते म्हणाले.

"ठरलं," मी म्हणालो. "जुनी आता थकली हो. किती दिवस ओढायची? दुसरी आणतोय."

"कागद?"

"कागदबिगद काही नाहीत. म्हणून तर मिळतेय."

"वहिनींना कळवलंत?"

"तिला कशाला आत्ताच? आली की बघेल."

"पण ठेवणार कुठे?"

"कायमची थोडीच ठेवायचीय. काम झालं की देऊन टाकेन कुणाला तरी."

आता आपल्या भाषेत गाडी स्त्रीलिंगी आहे, हा काही माझा अपराध नाही. पण त्याच वेळी तळमजल्यावरच्या वहिनी खाली कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी खाली उतरलो तेव्हा त्यांची कुंडी भरून वाहत होती, आणि हातातला मग तसाच धरून त्या माझ्याकडे बघत होत्या. मी नेहमीप्रमाणे हसलो. त्या हसल्या नाहीत. झाडं जळाली असतील असं मला वाटलं.

भंगारवाल्याच्या आवारात मी पहिल्यांदाच गेलो. तिथे सगळ्याच वस्तूंना अंगाबाहेर काहीतरी आलेलं होतं, कुणाची स्प्रिंग, कुणाची वायर. त्या ढिगामागे आमच्या स्कूटरची जुळी बहीण भिंतीला टेकून उभी होती. नंबरप्लेट नाही, आरसे नाहीत, सीटमधून काथ्या डोकावतोय. पण तोच आकार, तीच गोल पाठ. मला एकदम भरून आलं, आणि भंगार विकत घेताना भरून येणं फार महागात पडतं.

"कागद आहेत का हिचे?" सवयीने मी विचारलंच.

"कागद कशाला, खायचेत का?" भंगारवाला म्हणाला.

"मग ही तुमची कशावरून?"

"माझ्याकडे उभी आहे ना."

"चोरीची तर नाही?"

त्याने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "साहेब, हिला चोरायचं तर आधी चोराला समजवावं लागेल."

माझ्याकडे असा दावा आला असता तर मी तो एका ओळीत निकालात काढला असता. पण मी पैसे दिले, आणि निदान पावती तरी द्या म्हणालो. त्याने एका जुन्या रद्दीच्या तुकड्यावर 'लोखंड' एवढा एकच शब्द लिहून दिला.

टेम्पो बिल्डिंगच्या फाटकात शिरला तेव्हा निरनिराळ्या गॅलऱ्यांत मंडळी उभी होती. एरवी माझ्याकडे पाहुणा आला तरी कुणी डोकावत नाही, म्हणून मला जरा बरंच वाटलं. टेम्पोवरची ताडपत्री काढली आणि आत स्कूटर दिसली, तेव्हा वरून एक सामुदायिक सुस्कारा ऐकू आला. तो निराशेचा होता, हे मला पुढे कळलं. पण बातमी स्कूटरच्या आधी निघालेली होती आणि ती परत बोलावायची कुणाला गरज वाटली नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी मात्र लगेच खाली आले. पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीला सोसायटीचं स्टिकर हवं, आणि स्टिकरसाठी गाडीचे कागद हवेत. मी म्हणालो, ही गाडी नाही, हे पार्ट आहेत. सेक्रेटरी म्हणाले, चाकं आहेत त्या अर्थी गाडी आहे. नाहीतर गाडी मोडीत निघाल्याचा दाखला आणा.

म्हणून मी गाड्यांची नोंदणी होते त्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्याच्या त्या ऐकून घेण्यावरूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"मोडीत काढायची तर गाडी नोंदलेली पाहिजे," तो म्हणाला.

"मग नोंदवून घ्या."

"नोंदवायची तर चालती पाहिजे."

"चालती असती तर मोडीत कशाला काढली असती?"

"तेच मी म्हणतोय. चालती करा, नोंदवा, मग मोडीत काढू. कागद आणलेत का?"

मी नाही म्हणालो. "मग आमच्याकडे तशी तरतूद नाही," असं म्हणून त्याने पुढच्या माणसाकडे पाहिलं. आवाज न चढवता, डोळ्याला डोळा न देता, शेवटच्या शब्दावर किंचित उतरून. मी हे वाक्य हजारदा म्हटलं होतं, पण खिडकीच्या या बाजूने ते कसं लागतं ते पहिल्यांदा ऐकत होतो. अपमान झाला खरा, पण काम कसं उत्तम करतो पोरगा, हेही मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

परत आलो तेव्हा सेक्रेटरींनी तोडगा शोधून ठेवला होता. गाडी नसेल तर ते घरगुती सामान, आणि घरगुती सामान सामाईक जागेत ठेवायचं नाही, घरात ठेवायचं. हा तोडगा सल्लागारांनी सुचवला होता, आणि ते तो सगळ्यांना स्वतः सांगत होते. शेवटी चार हमाल लावून मी ती स्कूटर पहिल्या मजल्यावर चढवली. जिन्याच्या वळणावर ती अडकली, तेव्हा सल्लागारांनी वरून "तिरकी घ्या, तिरकी घ्या" असं बरंच सांगितलं. हमालांनी सरळ घेतली आणि ती निघाली. दिवाणखान्यात सोफा आणि खिडकी यांच्यामध्ये ती उभी राहिली, आणि खाली तळमजल्यावर बातमी अशी पोचली की भावजींनी तिला आता घरातच ठेवलं आहे.

त्या संध्याकाळी बायकोचा फोन जरा लवकर आला.

"अहो, तळमजल्याच्या वहिनींचा फोन होता. तुम्ही दुसरी आणलीत म्हणे."

"हो, म्हणजे..."

"कागद नसलेली."

"हो, पण ते..."

"आणि घरातच ठेवलीय."

वहिनी खाली का हसल्या नव्हत्या ते आत्ता ध्यानात आलं. "अगं, तसं नाही, तू समजतेस तसं..."

"मी काही समजत नाहीये. स्कूटर आणली असणार तुम्ही, दुसरं काय?" ती हसत होती. "वहिनींना मी तेच सांगितलं. म्हटलं, दुसरी बाई आणायची तर आधी तिला विचारावं लागतं. यांनी मला तरी कुठे विचारलं होतं? यांच्या मामांनी विचारलं. हे तेव्हा पंख्याकडे बघत होते."

मीही हसलो. खरं तर पंखा त्या दिवशी आवाज करत होता, म्हणून बघत होतो. हसता हसता ती थांबली.

"लेक म्हणतेय, अजून एक वर्ष राहा," बायको म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मला पक्कं माहीत होतं. मला वाटत होतं की एक वर्ष फार मोठं असतं, मला वाटत होतं की तू उद्या निघ. समोर ती स्कूटर उभी होती, तिच्या हँडलवर मी टॉवेल वाळत घातला होता. मी त्या टॉवेलकडे बघत म्हणालो, "तुला बरं वाटेल तसं कर. इकडचं सगळं ठीक आहे."

"बरं," ती म्हणाली. आमच्या घरात 'बरं' हा शब्द आजवर माझा होता. तिच्या तोंडून तो कसा वाटतो ते त्या दिवशी कळलं, आणि मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर माझं त्या घरातल्या स्कूटरशी जरा विचित्र होऊन बसलं. करायला काही नव्हतं म्हणून मी एक दिवस तिचा गंज घासला. मग पत्रा पुसला. मग वाटलं सीट तरी का अशी ठेवायची, म्हणून सीटला कव्हर शिवून आणलं. संध्याकाळी फोन झाला की मी तिच्यासमोर बसून चहा प्यायचो, आणि फोनवर जे बोलायचं राहून गेलं ते कधी कधी तिच्याशी बोलायचो. घरात दुसरं कोणीतरी आहे असं वाटायचं. इकडे आमची खरी स्कूटर खाली पार्किंगमध्ये धूळ खात होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतो. एकदा हे माझ्या लक्षात आलं आणि मला इतकं लाजिरवाणं वाटलं की मी लगेच मेकॅनिकला फोन लावला.

त्याला मोकळा वेळ नेमका त्याच दिवशी होता ज्या दिवशी मला बँकेत जायचं होतं. पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सही करून द्यावं लागतं, आणि बँकेचा साहेब त्या सहीवर माझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. म्हणून घराची किल्ली सल्लागारांकडे ठेवली आणि मेकॅनिकला फोनवर सगळं नीट समजावलं. शब्द मला अजून आठवतात, कारण पुढे त्यावरूनच सगळा वाद झाला.

"हे बघ," मी म्हणालो, "बाहेरचीचे चांगले चांगले पार्ट काढ आणि घरचीला लाव."

"होऊन जाईल," तो म्हणाला.

बाहेरची म्हणजे बाहेरून आणलेली, आणि घरची म्हणजे आपली. मराठी माणूस याचा दुसरा काही अर्थ लावेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण मेकॅनिक आला, आणि त्याने पाहिलं की एक स्कूटर घरात आहे आणि एक बाहेर. घरातली लख्ख पुसलेली, नवं कव्हर घातलेली, समोर चहाचा कप. बाहेरची धुळीने माखलेली, तिच्यावर मांजर झोपलेलं. त्याने सल्लागारांना विचारलं, "यातली घरची हीच ना?" सल्लागार म्हणाले, "अर्थात. घरात दिसतेय ना?"

मी बँकेतून जिवंत ठरून परत आलो तर पार्किंगमध्ये आमची स्कूटर एका पत्र्याच्या डब्यासारखी उघडी पडली होती. कार्ब्युरेटर नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, हॉर्नसुद्धा नाही. मांजर शेजारी बसून तिच्याकडे बघत होतं. मी धावत वर गेलो. दारात मेकॅनिक आणि सल्लागार हसतमुख उभे होते. मला पाहिल्याबरोबर मेकॅनिकने आत जाऊन किक मारली. ती एका किकमध्ये चालू झाली आणि दिवाणखाना धुराने भरून गेला.

"काय केलंस तू हे?" मी खोकत खोकत म्हणालो.

"तुम्ही म्हणालात तेच. बाहेरचीचं काढून घरचीला लावलं."

"अरे, घरची खाली आहे. ही बाहेरची आहे."

मेकॅनिकने सल्लागारांकडे पाहिलं. सल्लागारांनी चष्मा पुसायला घेतला. "काका, घरात ठेवलेली बाहेरची आणि बाहेर ठेवलेली घरची," मेकॅनिक म्हणाला, "असं असतं का कुठे? आधी सांगायचं ना."

उलटं कर म्हणालो तर तो म्हणाला, होऊन जाईल, पण गंजलेले बोल्ट एकदा निघाले आहेत, पुन्हा काढले तर दोन्ही गाड्या जातील. तेव्हा परिस्थिती अशी झाली की माझ्याकडे एक स्कूटर होती जिचे सगळे कागद होते पण ती नव्हती, आणि एक स्कूटर होती जी होती पण जिचा एकही कागद नव्हता. सल्लागार म्हणाले की दोन्ही मिळून एक गाडी पूर्ण होते, त्याअर्थी तत्त्वतः तुमचं नुकसान नाही. त्यांना मी त्या दिवशी चहा दिला नाही.

तेच हमाल पुन्हा बोलावून चालती स्कूटर खाली आणली. सेक्रेटरींनी सांगितलं की आता ती निर्विवाद गाडी आहे, तेव्हा विनास्टिकरची उभी करता येणार नाही. मी विचारलं, उभी नाही केली तर? चालवत राहिलो तर? त्यांनी नियम आठवून पाहिले आणि आवारात चालवायला बंदी नाही असं कबूल केलं. रस्त्यावर बिनकागदाची नेणं माझ्याच्याने कधी झालं नसतं. म्हणून मी त्याच संध्याकाळी बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायला लागलो. फाटकापर्यंत जायचं, वळायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, पुन्हा फाटक. गॅलऱ्यांत मंडळी उभी होतीच. तळमजल्यावरच्या वहिनी मला बघून प्रथमच हसल्या, आणि ते हसू दयेचं होतं, हे मला कुणी न सांगताही कळलं. टाकीपाशी डावीकडे वळताना मी दर वेळी थोडा हळू व्हायचो. मागून हात निघेल असं वाटायचं. निघत नव्हता.

असाच फिरत असताना खिशात फोन वाजला. मी टाकीपाशी थांबलो, इंजिन चालूच ठेवलं.

"कसला आवाज येतोय?" बायको म्हणाली.

"स्कूटर. चालू झाली."

"जवळ धरा बघू."

मी फोन इंजिनाजवळ धरला. पुन्हा कानाला लावला तेव्हा ती म्हणाली, "ही आपली नाही."

"कशावरून?"

"आपली एवढी सरळ बोलत नाही. हॉर्न वाजवा."

मी हॉर्न दाबला. वरच्या गॅलरीत कुणीतरी दचकलं.

"हॉर्न आपला आहे," ती म्हणाली. "काय करून ठेवलंत तुम्ही?"

मी तिला सगळं सांगितलं. भंगारवाला, कारकून, हमाल, घरची आणि बाहेरची. ती इतकी हसली की लेकीने मागून काय झालं म्हणून विचारलं. मी हसत नव्हतो. सांगता सांगता मला एकदम जाणवलं की आता दाखवायला माझ्याकडे स्कूटरसुद्धा उरली नाही. मी इंजिन बंद केलं.

"तू ये," मी म्हणालो.

पलीकडचं हसणं थांबलं.

"गाडी तयार नाही. होणारही नाही. तरी तू ये. मला तुझ्याशिवाय राहवत नाही."

लाइन तुटली की काय म्हणून मी फोन कानापासून दूर धरून बघितला.

"हे आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता.

"तू रमली होतीस तिकडे."

"रमले कसली? रोज विचारत होते तुम्हाला, कसं चाललंय. रोज आपलं सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. तुमचं सगळं ठीक चाललेलं असताना मी तिथे येऊन करू काय, असं वाटायचं मला. इथे निदान ही पोर तरी रडते माझ्यासाठी."

मी काहीच ठीक नसल्याचं सांगायला लागलो. घरभर दिवे जळत असतात हे सांगितलं. मी सकाळी उठून कुणाशीच भांडत नाही हे सांगितलं. टॉवेलवर मेकॅनिकच्या बोटाचा डाग अजून तसाच आहे, हेही सांगितलं. असलं सगळं मी आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होतो, आणि कशाचाही पुरावा न मागता ती ते एकेक मंजूर करत होती, "हं", "हं" म्हणत. सेक्रेटरी जवळ येऊन स्कूटर उभी असल्याचं खुणेने दाखवून गेले. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

मग तिने नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "विमानतळावर कशाने येणार घ्यायला?"

मी एका स्कूटरकडे पाहिलं, मग दुसऱ्या स्कूटरकडे पाहिलं.

"बसने," मी म्हणालो.

"बसनेच या," ती म्हणाली. "येताना आपल्याला शेजारी शेजारी बसता येईल."